पेटंट क्रमांक ५४०१५०४: भुकटी, लेप आणि न भरणारी जखम

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने एक पेटंट मंजूर केलं. विषय होता जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक दोघे, सुमन दास आणि हरिहर कोहली. दोघेही मूळचे भारतीय आणि मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राशी जोडलेले. दावे एकूण सहा. पहिल्याचा आशय असा, की पुरेशा मात्रेत हळदीची भुकटी देऊन रुग्णाची जखम भरून आणण्याची पद्धत ही आमची. पुढच्या तिघांत ती भुकटी पोटात द्यावी, वरून लावावी किंवा दोन्ही करावं, असे पोटभेद. पाचवा दावा शस्त्रक्रियेच्या जखमेचा. सहावा व्रणाचा, म्हणजे उघड्या राहिलेल्या, लवकर न मिटणाऱ्या जखमेचा.

पुढची गोष्ट मराठी वाचकाला तोंडपाठ असते. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज केला, ऑगस्ट १९९७ मध्ये सहाही दावे फेटाळले गेले आणि एका विकसनशील देशाने आपल्या पारंपरिक ज्ञानासाठी अमेरिकेत लढाई जिंकली. हळदीघाटीची लढाई, असा शब्दखेळही तेव्हापासून रूढ झाला. ही विजयकथा खरीच आहे, तिला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण हे प्रकरण पुन्हा वाचताना मी अडखळतो तो त्या सहाव्या दाव्यापाशी. हळदीने व्रण भरतो हे आपल्याला आधीपासून माहीत होतं, एवढं आपण सिद्ध केलं. हळदीने व्रण भरतो का, हा प्रश्न त्या खटल्यात कुणी विचारलाच नव्हता. पेटंट कार्यालयाचं ते कामही नव्हतं.

हा फरक शब्दच्छल वाटत असेल, तर मधुमेह्याच्या तळपायाची जखम डोळ्यासमोर आणावी.

बत्तीस कागद काय सांगत होते

त्या काळच्या अमेरिकी कायद्यात एक मेख होती. एखादी गोष्ट परदेशात घरोघरी वापरली जाते एवढ्याने तिचं नावीन्य जात नसे. ती कुठेतरी छापलेली दाखवावी लागे. आजीचा बटवा पुरावा म्हणून चालत नव्हता, बटव्यावर कुणीतरी लिहिलेलं चालत होतं. म्हणून परिषदेने शोधाशोध करून बत्तीस संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर होते, काही शंभर वर्षांहून जुने. १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला एक निबंधही होता. गंमत म्हणजे हळद भारतात फार पूर्वीपासून औषध म्हणून वापरतात, ही कबुली खुद्द पेटंटच्या मजकुरातच होती.

नावीन्य मोडायला तो उपाय आधी छापून सांगितलेला असणं पुरतं. तो किती जणांवर करून पाहिला, किती जणांना गुण आला, ज्यांना हळद लावली नाही त्यांचं काय झालं, हे त्या कागदांना विचारायची गरजच नव्हती.

पण या कागदपत्रांतला सगळ्यांत रंजक भाग संशोधकांच्या बचावात आहे. ते म्हणाले, तुमच्या जुन्या ग्रंथांत हळदीचा लेप आहे, आमच्या दाव्यात भुकटी आहे. लेप आणि भुकटी यांचे भौतिक गुण वेगळे, शरीरात शोषलं जाण्याचं प्रमाण वेगळं. तेव्हा लेपाने गुण येतो म्हणून भुकटीनेही येईल असं जाणकाराला गृहीत धरता येणार नाही. शिवाय जुन्या पाठांत हळद मधातून दिलेली आहे आणि मध स्वतःच जखमेला गुणकारी मानला जातो. परीक्षकांनी हे मान्य केलं नाही. भुकटी काय नि लेप काय, एकच, असं त्यांचं मत पडलं.

कायद्याच्या दृष्टीने परीक्षक बरोबर होते. औषधशास्त्राच्या दृष्टीने मात्र हरलेल्या बाजूचा मुद्दा अगदी फोल नव्हता. पदार्थ तोच असला तरी तो कुठल्या रूपात, केवढ्या कणांत आणि कशात मिसळून जखमेवर जातो यावर त्याचा परिणाम ठरतो. वनस्पतीजन्य नॅनो-उपचारांची, म्हणजे वनस्पतीतलं औषध अतिसूक्ष्म कणांतून देण्याची, आजची सगळी धडपड याच वाक्यावर उभी आहे.

ही जखम का भरत नाही

साध्या माणसाचं खरचटलं की शरीर ठरलेल्या क्रमाने काम करतं. रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी जमून जंतू नि मेलेला भाग साफ करतात, मग लालसर मांसांकुर येतात, कडेने कातडी सरकत येते. मधुमेह्याच्या जखमेत हा क्रम दुसऱ्या पायरीवर अडकतो. मॅक्रोफेज नावाच्या पेशी आधी साफसफाईच्या नि भांडणाच्या भूमिकेत असतात, नंतर त्यांनी बांधकामाच्या भूमिकेत यायचं असतं. साखर वाढलेल्या शरीरात त्या भांडतच राहतात. प्रथिनं तोडणारी विकरं मोकाट सुटतात आणि नवं विणलेलं जाळं विणता विणता उसवतं. जंतू एकत्र येऊन वर चिकट थर बांधतात, त्यातून प्रतिजैविकंही नीट आत जात नाहीत.

आणि हे सगळं जखम झाल्यानंतरचं. आधीचं दुखणं पायात असतं. नसा बधिर झाल्यामुळे चपलेतला खडा कळत नाही, घट्टा पडतो, घट्ट्याखाली आतल्या आत जखम होते आणि मोज्यावर डाग दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर दुरुस्तीचं सामान पोचवणारा रस्ताच बंद. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधीतरी पायाचा व्रण होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरतात. भारतात मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला. या दोन आकड्यांचा गुणाकार करून पाहावा म्हणजे सहाव्या दाव्याचं वजन कळेल.

यावर आज जे खात्रीने चालतं ते अगदीच अनाकर्षक आहे. मेलेला भाग कापून काढणं, जंतुसंसर्ग आटोक्यात आणणं, रक्तपुरवठा तपासून गरज असेल तर वाहिनी मोकळी करणं, साखर ताब्यात ठेवणं आणि जखमेवरचा भार काढणं. भार काढण्यासाठी पायाला चिकटून बसणारं प्लॅस्टर घालतात. त्याची मुळं भारतातल्या कुष्ठरोग्यांच्या उपचारांत आहेत. वेल्लोरला काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी ही पद्धत पुढे अमेरिकेत नेली आणि तिथून ती मधुमेह्यांच्या पायापर्यंत पोचली. भारतातून पाश्चात्त्य वैद्यकात गेलेली जखम भरण्याची गोष्ट म्हणून आपण हळद सांगतो. प्लॅस्टर कुणी सांगत नाही.

हळदीचे तीन दोष, घरातच दिसणारे

हळदीतला मुख्य पिवळा रेणू कर्क्युमिन. भुकटीत तो वजनाने तीनेक टक्के. प्रयोगशाळेत त्याचे गुण भरपूर दिसतात: दाह कमी करतो, मोकाट ऑक्सिजन-रेणूंना आवरतो, काही जंतूंना रोखतो. १९९९ मध्ये, म्हणजे पेटंट गेल्यानंतर दोनच वर्षांनी, अमेरिकेतल्या एका गटाने मधुमेही उंदरांच्या जखमा कर्क्युमिनने लवकर भरल्याचं प्रसिद्ध केलं. मग अडचण कुठे आहे? ती शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही.

हळद पाण्यात टाका, तळाशी बसते. फोडणीच्या तेलात टाका, क्षणात सगळं पिवळं. कर्क्युमिन तेलात रमतं, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जखमेचा तळ मात्र ओला, पाणीदार. कोरडी भुकटी तिथे वर बसून राहते. पिवळा रंग दिसतो म्हणून औषध आत गेलंसं वाटतं, इतकंच.

हळद लागलेल्या कपड्याला साबण लावा, डाग लालभडक होतो. हळदीत चुना मिसळला की जे लाल होतं तेच हे. अल्कली लागली की कर्क्युमिनचा रेणू बदलतो आणि हळूहळू तुटतो. शरीराच्या तापमानाला, ७.२ सामूच्या (सामू म्हणजे पीएच, आम्ल-अल्कलीचं माप) साध्या द्रावणात नव्वद टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात नाहीसं झाल्याचं १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं. रक्तद्रवातली प्रथिनं सोबत असली की ते काही तास तग धरतं. आता निरोगी कातडी आम्लधर्मी असते, पण जुनाट जखमेचा सामू ७ च्या वर, कधी कधी ८ च्याही पुढे जातो. म्हणजे जिथे कर्क्युमिन हवं, तीच जागा त्याला सर्वांत वैरी.

आणि तोच कपडा उन्हात वाळत घाला, डाग उडतो. उजेडही त्याला सोसत नाही.

नॅनो-उपचार म्हणजे या तिन्ही दोषांवर घातलेलं पांघरूण. भुकटीचा एक कण शंभर मायक्रॉनचा धरला आणि त्याचे शंभर नॅनोमीटरचे तुकडे केले, तर पृष्ठभाग हजारपट होतो आणि झिरपण्याचा वेग वाढतो. पण नुसतं बारीक दळून भागत नाही, कण पुन्हा एकमेकांना चिकटतात. म्हणून कर्क्युमिन एखाद्या वेष्टनात बसवतात: मेदाचा थेंब, कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणारं कायटोसन किंवा पीएलजीए नावाचं बहुलक (पॉलिमर). हे शेवटचं म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्याच्याच जातकुळीतलं. त्याची गंमत अशी की ते विरघळताना लॅक्टेट सुटतं आणि लॅक्टेट स्वतः नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतं. २०१३ मध्ये पीएलजीएत भरलेलं कर्क्युमिन उंदरांच्या जखमेवर वापरणाऱ्या गटाने वेष्टन आणि औषध या दोघांचा मिळून परिणाम होतो, असंच मांडलं. दुसरी वाट नॅनोधाग्यांची. २००९ मध्ये पॉलिकॅप्रोलॅक्टोन या दुसऱ्या बहुलकाच्या अतिसूक्ष्म धाग्यांत कर्क्युमिन विणून केलेली पट्टी मधुमेही उंदरांवर वापरली गेली आणि जखमा लवकर मिटल्या. धागा हळूहळू औषध सोडतो, त्यामुळे अर्ध्या तासात नष्ट होण्याचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण मागून ताजा पुरवठा येत राहतो.

'वनस्पतीजन्य नॅनो' या पाटीखाली आणखीही बरंच काही खपतं आणि तिथे सावध राहायला हवं. कडुनिंबाच्या किंवा तुळशीच्या अर्कात चांदीचा क्षार टाकला की चांदीचे नॅनोकण तयार होतात. याला हरित संश्लेषण म्हणतात आणि असे निबंध आपल्याकडच्या महाविद्यालयांतून ढिगाने निघतात. पण त्यात जंतू मारण्याचं मुख्य काम चांदी करते. कडुनिंब बहुतांशी आचाऱ्याच्या भूमिकेत असतो. त्याला वनौषधी म्हणणं म्हणजे भाताला कुकरचं नाव देणं. याहून वेगळ्या आहेत आल्यासारख्या वनस्पतींच्या रसातून थेट वेगळ्या काढलेल्या नॅनोपुटिका. वनस्पतीच्या पेशीनेच बनवलेल्या या मेदाच्या पिशव्यांत छोटे आरएनए आणि इतर रेणू असतात. कल्पना देखणी आहे, पण प्रत्येक खेपेला पिशवीत तेच नि तेवढंच सामान भरलेलं असेल याची हमी देणं फार अवघड. औषध म्हणून मान्यता मागताना पहिला प्रश्न तोच येतो.

उंदीर लवकर बरे होतात

या सगळ्या निबंधांत उंदीर बरा होतो. उंदीर तसाही बरा होतो. त्याच्या कातडीखाली स्नायूचा पातळ पडदा असतो, तो आकसतो आणि जखमेच्या कडा ओढून एकत्र आणतो. माणसाची जखम मुख्यतः खालून भरत येते आणि वरून कातडी सरकते. उंदराला मधुमेह बहुधा एका रसायनाच्या सुईने काही दिवसांत दिलेला असतो. त्याच्या मागे पंधरा वर्षांची साखर, बधिर तळवे, अरुंद धमन्या आणि रोज त्याच व्रणावर पडणारं सत्तर किलो वजन नसतं. जखमही नव्या, स्वच्छ पात्याने केलेली. हा प्रयोग निरुपयोगी नाही. कडांना रिंग शिवून आकसणं रोखण्याची सुधारित पद्धतही आहे. पण 'उंदरात दुप्पट वेग' हे वाक्य माणसाच्या पायापर्यंत चालत येत नाही.

कर्क्युमिनबद्दलचा सर्वांत मोठा दणका २०१७ मध्ये औषधरसायनाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकातून आला. लेखकांनी म्हटलं की हा रेणू अस्थिर आहे, जिथे तिथे चिकटतो आणि स्वतःच चकाकत असल्यामुळे अनेक चाचण्यांना फसवून होकारार्थी उत्तर काढून घेतो. शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही रुग्ण आणि डॉक्टर अशा दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बंगळूरचे ज्येष्ठ जैवरसायनशास्त्रज्ञ जी. पद्मनाभन यांनी एका सहकाऱ्यासोबत त्याला लेखी उत्तर दिलं. वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर त्वचेवरच्या जखमेत कर्क्युमिनला पोटातल्यापेक्षा बरी संधी आहे, कारण यकृताचा अडथळा टळतो आणि औषध थेट जागेवर ठेवता येतं. पण संधी वेगळी, निकाल वेगळा.

निकाल कसा दिसतो याचं उदाहरण वनस्पतींतच आहे, फक्त त्यात नॅनो काही नाही. तैवानमध्ये एक मलम तयार झालं, सांकेतिक नाव ओएन१०१. त्यात दोन वनस्पतींचे अर्क आहेत आणि दोन्ही आपल्या ओळखीच्या. एक पानओवा, ज्याची कुंडीतली जाड पानं आपण भज्यांसाठी खुडतो. दुसरी मंडूकपर्णी. ही जोडी मॅक्रोफेजना भांडणातून बांधकामाकडे वळवते, असा त्यामागचा विचार. तैवान, चीन आणि अमेरिकेतल्या २१ केंद्रांत, पायाचा व्रण असलेल्या २३६ मधुमेह्यांवर चाचणी झाली आणि निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा आठवड्यांत मलम लावलेल्या गटात ६०.७ टक्के व्रण पूर्ण मिटले. ओल शोषणाऱ्या चांगल्या पट्टीच्या गटात ३५.१ टक्के. त्याच वर्षी तैवानने मलमाला परवानगी दिली. या चाचणीतही उणिवा आहेत. मलम आणि पट्टी दिसायलाच वेगळी, त्यामुळे रुग्णाला आपण कुठल्या गटात आहोत हे कळत होतं, फक्त जखम मोजणाऱ्याला कळू दिलेलं नव्हतं.

मला यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पस्तीस टक्के. मलमाशिवाय, नुसत्या नीट पट्टीवर आणि काळजीवर, शंभरातले पस्तीस व्रण चार महिन्यांत मिटले. म्हणजे त्या प्रत्येकाने पट्टीसोबत काहीही लावलं असतं, हळद, मध, अंगारा, तर त्याचंच नाव झालं असतं. 'आमच्या काकांचा पाय हळदीने वाचला' हे खोटं नसतं, काकांचा पाय खरंच वाचलेला असतो. १९९७ च्या त्या बत्तीस कागदांत नेमका हा दुसरा गट नव्हता.

म्हणूनच मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं की व्रण भरावा एवढ्याचसाठी वनौषधींची पट्टी वापरू नका. हा वनस्पतींचा द्वेष नव्हे. 'वापरू नका' म्हटलेल्या त्याच यादीत मध आहे, कोलॅजेन आहे, जंतुनाशक लावलेल्या पट्ट्याही आहेत.

आणि डब्यातल्या हळदीबद्दल एक शब्द. मसाल्याची भुकटी निर्जंतुक नसते. दळलेल्या मसाल्यांत जिवाणूंचे बीजाणू सर्रास सापडतात, शिजवताना त्यातले बरेच जंतू मरतात, जखमेवर कुणी शिजवत नाही. बांगलादेशात रंगासाठी हळदीत शिशाचं क्रोमेट मिसळत असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. बधिर पायावर अशी पूड दाबून वर कापड बांधलं की खाली पू होतोय हे ना दिसतं ना दुखतं. घरात असा पाय असेल तर पूड बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

पुन्हा पेटंट कार्यालयात, या वेळी आपल्या

भारतात आज कुणी नॅनो-हळदीच्या जेलचं पेटंट मागायला गेलं तर काय होईल? आपल्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानावर बेतलेल्या गोष्टींना शोध मानायचं नाही, असं कलम आलं. भुकटीचा मार्ग तिथेच बंद. २००५ च्या दुरुस्तीनंतरचं कलम ३(ड) त्याहून धारदार आहे. ज्ञात पदार्थाचं नवं रूप हा शोध नव्हे, जोवर त्याची परिणामकारकता लक्षणीय वाढलेली दिसत नाही. आणि 'नवं रूप' म्हणजे काय याच्या स्पष्टीकरणात क्षार, मिश्रणं वगैरेंच्या रांगेत दोन शब्द बसले आहेत: कणांचा आकार.

कर्करोगाच्या ग्लिवेक या औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये याचा अर्थ लावला. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातली परिणामकारकता. कंपनीचं म्हणणं होतं, आमचं नवं रूप शरीराला तीस टक्के जास्त उपलब्ध होतं. न्यायालयाने सांगितलं, जास्त उपलब्ध होणं म्हणजे आपोआप जास्त गुण येणं नव्हे, तो आलेला गुण वेगळा दाखवा.

मिसिसिपीच्या दोघांनी १९९७ मध्ये भुकटी नि लेपाच्या शोषणातला फरक पुढे केला तेव्हा परीक्षकांनी फरकच नाकारला होता. आज नॅनोकणांचा अर्जदार तोच फरक घेऊन आला, तर भारतीय परीक्षक फरक मान्य करील आणि विचारील, पायावर काय झालं?